छंदांची वाट दाखवणारे कवी : माधव जूलियन

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावर ‘प्रेमस्वरूप आई’ ही कविता कधी ना कधी पडलेली असते. स्नेहसंमेलनात ती गायिली जाते, पाठांतराच्या स्पर्धेत म्हटली जाते, आणि शाळा सोडून कित्येक वर्षे लोटली तरी तिची चाल ओठांवर राहते. ती लिहिणाऱ्या कवीचे नाव मात्र पुष्कळांना चटकन आठवत नाही. या कवीने मराठी कवितेतील वृत्ते गोळा करून, मोजून, तपासून एका ग्रंथात नीट लावून ठेवली, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असते. हे कवी म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात ‘माधव जूलियन’. त्यांचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा, त्यांच्या अध्यापनाचा विषय फार्सी, आणि त्यांच्या कवितेचे एक नाते थेट दिल्लीशी. महाराष्ट्रापासून दूर राहून मुलांना मराठीत शिकवणाऱ्या समाजाने त्यांचे जीवन जाणून घ्यावे, याला म्हणूनच एक वेगळे औचित्य आहे.

बडोद्याचे दिवस

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. बडोदे त्या वेळी सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राज्याची राजधानी होते. राजघराणे मराठी, रयत बहुतांशी गुजराती, आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा इंग्रजी, अशी त्या नगरीची घडण होती. सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पुढे गावोगावी ग्रंथालये उभी करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. विद्येला मान असलेल्या अशा वातावरणात माधवराव वाढले. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी, हा अनुभव बडोद्यातील मराठी मुलाला नवा नव्हता. दिल्लीतील मराठी मुलालाही तो नवा नाही.

महाविद्यालयात गेल्यावर मराठी घरातील विद्यार्थी बहुधा संस्कृत हा विषय निवडीत. माधवरावांनी इंग्रजीच्या जोडीला फार्सी घेतली. १९१६ साली ते बी.ए. झाले आणि १९१८ साली इंग्रजी व फार्सी हे विषय घेऊन एम.ए. झाले. ही निवड त्यांच्या सगळ्या पुढच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. हाफिज, सादी, उमर खय्याम यांची कविता त्यांनी मूळ भाषेत वाचली. दुसऱ्या भाषेतील कवितेची चाल, तिच्या मात्रा, तिचे यमक कानांत मुरल्यावर आपल्या भाषेच्या चालीकडेही माणूस अधिक सावधपणे पाहू लागतो. माधवरावांच्या बाबतीत तसेच झाले.

फर्ग्युसन महाविद्यालय आणि रविकिरण मंडळ

१९१८ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे प्राध्यापक झाले. या काळात इतिहास-संशोधकांना एक अडचण सतत भेडसावत होती. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रे फार्सी शब्दांनी भरलेली होती. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांचे वकील म्हणून राहणाऱ्या हिंगणे घराण्याच्या पत्रव्यवहारातही तीच भाषा डोकावते. फार्सी जाणणारे मराठी अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. माधवरावांनी ‘फार्सी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. कविता लिहिणाऱ्या तरुण प्राध्यापकाने कोशाचे कष्टाचे, किचकट काम अंगावर घ्यावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. शब्दाचे वजन नेमके माहीत असल्याशिवाय तो वापरू नये, अशी त्यांची वृत्ती होती.

पुण्यातच १९२३ साली रविकिरण मंडळ आकारास आले. यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले यांच्यासारखे समानशील मित्र रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमत आणि आपापल्या नव्या कविता एकमेकांना ऐकवीत. कविता वाचली जाई, तिच्यावर चर्चा होई, यमक ओढूनताणून आलेले असेल तर मित्र तसे सांगत, आणि कवी घरी जाऊन ती ओळ पुन्हा बांधी. मनोरमाबाईंसारखी कवयित्री या बैठकीत बरोबरीने भाग घेत होती, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. एकट्याने लिहिणे आणि चारचौघांत तपासून घेणे, या दोन्हींचा मेळ मंडळाने घातला.

मंडळाचे दुसरे मोठे कार्य म्हणजे काव्यगायन. मराठीत कविता ऐकण्याची परंपरा जुनी आहे. कीर्तनकाराची आर्या, शाहिराचा पोवाडा, बायकांची जात्यावरची ओवी ही सारी ऐकण्याची कविता. केशवसुतांनंतरची नवी कविता मात्र मासिकांच्या पानांत राहिली होती. ती वाचणारे थोडे, आणि वाचून तिचा नाद मनात उमटवणारे त्याहून थोडे. रविकिरण मंडळाच्या कवींनी ही कविता सभागृहात नेली. स्वतः लिहिलेली कविता स्वतःच्या चालीत श्रोत्यांपुढे गाण्याचे कार्यक्रम गावोगावी होऊ लागले. यशवंत आणि गिरीश यांच्या गायनाला विशेष दाद मिळे. शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी कवीला प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, आणि घरी जाऊन त्या चाली गुणगुणल्या. आज शाळांमधून होणाऱ्या काव्यगायनाच्या स्पर्धा बघताना या कार्यक्रमांची आठवण ठेवायला हवी.

या प्रकाराला टीकाकारही लाभले. गोड गळ्याच्या आड कवितेचा अशक्तपणा लपतो, असा आक्षेप घेतला गेला. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या विडंबन-संग्रहात मंडळाच्या कवींची मनसोक्त थट्टा केली, आणि अवघा महाराष्ट्र हसला. थट्टेत तथ्यही होते. चालीच्या भरात शब्द सैल पडतात, ठरावीक कल्पना पुन्हा पुन्हा येतात. पण विडंबनासाठी मूळ कविता लोकांना पाठ असावी लागते, हेही त्या हसण्याने सिद्ध झाले.

पडझडीचा काळ आणि एक ग्रंथ

पुण्यातील हे उत्साहाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. माधवरावांच्या खाजगी आयुष्यावरून वादळ उठले आणि १९२४ च्या सुमारास त्यांना फर्ग्युसन महाविद्यालय सोडावे लागले. कवी म्हणून नाव होत असताना, ऐन तिशीत, हातची नोकरी गेली आणि लोकांच्या नजरा बदलल्या. पुढे काही काळ त्यांनी अमरावतीस शाळेत शिकवले. महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला शाळेच्या वर्गात उभे राहणे मानहानीचे वाटू शकते. माधवरावांची लेखणी मात्र या काळात थांबली नाही. १९२६ साली त्यांचे ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आले. प्रेमाच्या वियोगाची ती कथा तरुण वाचकांनी उचलून धरली. आणि १९२७ साली ‘छंदोरचना’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

‘छंदोरचना’ हा मराठी पद्याच्या घडणीचा शास्त्रशुद्ध विचार करणारा ग्रंथ आहे. वृत्तांची माहिती देणारी पुस्तके त्याआधीही होती. पण ती प्रामुख्याने संस्कृत शास्त्राच्या आधाराने लिहिलेली असत. मराठी कवितेत प्रत्यक्ष काय घडते, याकडे त्यांचे लक्ष कमी होते. माधवरावांनी उलट दिशेने सुरुवात केली. संतांपासून समकालीन कवींपर्यंत मराठीत जे पद्य लिहिले गेले, ते त्यांनी कानाने तपासले आणि त्यातून नियम काढले.

त्यांनी मराठी पद्याचे तीन मोठे वर्ग मांडले. पहिला वर्ग छंदांचा. यात अक्षरांची संख्या मोजली जाते. ओवी आणि अभंग हे त्याचे घरोघरी माहीत असलेले नमुने. दुसरा वर्ग जातींचा. यात अक्षरे कमीजास्त झाली तरी चालतात, मात्रा ठरलेल्या असतात. आर्या, दिंडी, साकी या त्यातल्या. तिसरा वर्ग वृत्तांचा. यात कोणत्या जागी लघू आणि कोणत्या जागी गुरू अक्षर यावे हे आधीच ठरलेले असते. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे, आणि लग्नमंडपात म्हटली जाणारी मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. या वृत्ताच्या एका चरणात १९ अक्षरे येतात. दिल्लीत असो वा पुण्यात, मराठी लग्नाला गेलेल्या प्रत्येकाने हे वृत्त ऐकलेले असते. त्याचे नाव ठाऊक नसले तरी कुणी चुकीचे अक्षर घातले की कानाला ते खटकते. कानाला जे कळते ते डोळ्यांना दाखवून देणे, हेच ‘छंदोरचने’चे काम होते.

मात्रांच्या आवर्तनांना त्यांच्या ग्रंथात दिलेली नावे मोठी मार्मिक आहेत. पाच मात्रांचे आवर्तन हर, कारण शंकराला पाच मुखे. सहा मात्रांचे भृंग, कारण भुंग्याला सहा पाय. सात मात्रांचे अग्नी, कारण अग्नीच्या जिभा सात. आठ मात्रांचे पद्म, कारण कमळाच्या आठ पाकळ्या. एकदा हे नाव कळले की संख्या विसरत नाही. संगीत शिकलेल्या मुलाला यात आणखी एक ओळख सापडते. दादरा सहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा. कविता आणि ताल ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे माधवरावांच्या विवेचनातून पटते. रविवारच्या बैठकीत आणि काव्यगायनाच्या सभागृहात जे त्यांनी ऐकले होते, ते इथे शास्त्र होऊन उतरले.

या शास्त्रात उच्चाराला मोठा मान आहे. जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर गुरू धरावे, हा नियम संस्कृतातून आला. ‘पुस्तक’ म्हणताना ‘पु’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. पण ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर तसा आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. मराठी जिभेची ही सवय लक्षात घेतली नाही तर वृत्त कागदावर बरोबर दिसते आणि कानाला अडखळते. कविता लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ओळ आधी मोठ्याने म्हणावी आणि मग मोजावी, हा धडा त्यातून मिळतो.

कोल्हापूर, संसार आणि मानसन्मान

१९२८ साली माधवरावांना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्सीचे प्राध्यापकपद मिळाले, आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांनी पुढे ‘आमची अकरा वर्षे’ या पुस्तकात आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. कोल्हापूरची ही वर्षे लेखनाच्या दृष्टीने अतिशय भरगच्च होती. ‘सुधारक’ हे खंडकाव्य १९२८ साली आले. पुढच्याच वर्षी उमर खय्यामच्या रुबायांचा मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद प्रसिद्ध झाला, आणि १९३१ साली फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपांतरावरून केलेली ‘द्राक्षकन्या’ आली. एकाच कवीला मूळ भाषेतून एकदा आणि इंग्रजीच्या वाटेने दुसऱ्यांदा मराठीत आणण्यामागे अभ्यासकाची जिद्द दिसते. मूळ कवी काय म्हणाला आणि त्याचे इंग्रजीत काय झाले, हे मराठी वाचकाला शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

१९३६ साली जळगाव येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३७ साली ‘छंदोरचने’ची सुधारलेली, खूप वाढवलेली आवृत्ती निघाली. दहा वर्षे ते त्या एका विषयावर काम करीत राहिले होते. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने या ग्रंथासाठी त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. मराठीतील संशोधनासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डी.लिट. एके काळी पुण्यातील महाविद्यालय सोडावे लागलेल्या शिक्षकाला त्याच्या ग्रंथाने असा मान मिळवून दिला.

दिल्लीची गझल मराठीत

माधवरावांच्या कवितेचे दिल्लीशी असलेले नाते गझलमधून येते. फार्सीतून उर्दूत आलेली गझल दिल्लीत बहरली. मीर, जौक, मोमिन, गालिब ही नावे या शहराच्या गल्ल्यांशी जोडलेली आहेत. बल्लीमारानमधील गली कासिमजान येथे गालिब राहत होता, आणि निजामुद्दीनला, अमीर खुस्रोच्या दर्ग्यापासून जवळच, त्याची कबर आहे. गालिब १८६९ साली गेला. त्यानंतर २५ वर्षांनी बडोद्यात माधवरावांचा जन्म झाला. दिल्लीचा मुशायरा आणि पुण्यातील काव्यगायन यांत अंतर असले तरी आत्मा एकच होता. कवीने स्वतः उभे राहून स्वतःची रचना ऐकवायची, आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे पसंती किंवा नापसंती दाखवायची.

मराठीत गझलच्या खुणा अमृतराय आणि मोरोपंत यांच्यापर्यंत मागे नेता येतात. पण गझलची वृत्ते सलगपणे, समजून उमजून मराठीत आणण्याचे श्रेय माधवरावांना जाते. १९३३ साली त्यांचा ‘गज्जलांजली’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. संग्रहाच्या नावातच दोन परंपरा हातात हात घालून उभ्या आहेत. गझल हा शब्द अरबी-फार्सीतून आलेला, अंजली हा संस्कृतातला.

गझलची बांधणी शिस्तीची असते. पहिल्या शेरात दोन्ही ओळींना यमक येते, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत ते पाळावे लागते. यमकाला उर्दूत काफिया म्हणतात. यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे रदीफ. आणि सगळ्या ओळी एकाच वृत्तात असाव्या लागतात. ही वृत्ते मराठी कवींना परकी वाटत होती, कारण त्यांची मापे फार्सी शब्दांत सांगितलेली असत. माधवरावांनी ती लघुगुरूंच्या भाषेत मांडली. लगागागा हा तुकडा चार वेळा आला की वियद्गंगा, गालगागा हा चार वेळा आला की व्योमगंगा. ‘ल’ म्हणजे लघू, ‘गा’ म्हणजे गुरू, एवढे कळणाऱ्या विद्यार्थ्यालाही गझलचे दार त्यामुळे उघडले. वियद्गंगेचे माप उर्दूतही मानाचे आहे. गालिबच्या काही सुप्रसिद्ध गझला त्याच मापात आहेत.

याचा सगळ्यात सोपा पुरावा ‘प्रेमस्वरूप आई’ या कवितेतच मिळतो. तिचे वृत्त आनंदकंद. गागालगालगागा हा तुकडा एका ओळीत दोनदा येतो. हेच माप इक्बालच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ या गीताचेही आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात विजय चौकात या गीताची धून लष्करी बँडवर वाजताना दिल्लीकरांनी अनेकदा ऐकली आहे. त्या धुनेवर माधवरावांची ही कविता सहज म्हणता येते, आणि कवितेच्या चालीवर ते गीतही बसते. उर्दू कवी गरजेप्रमाणे दीर्घ स्वर आखूड करून म्हणतो, मराठी कवीला ती सवलत फारशी नाही. त्याला प्रत्येक अक्षर जसे लिहिले आणि बोलले जाते तसेच बसवावे लागते. ते बंधन पाळूनही ही कविता इतकी सहज वाटते की तिच्यामागे काही मोजमाप असेल अशी शंकाही येत नाही. आईच्या आठवणीने व्याकुळ झालेली ही हाक मराठी घराघरात पोचली, आणि तिच्या पायात फार्सी-उर्दूची चाल होती.

‘गज्जलांजली’तील सगळ्या रचना काटेकोर अर्थाने गझल आहेत असे नाही. गझलचा प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असावा लागतो. माधवरावांच्या पुष्कळ रचनांत एकच भाव आरंभापासून अखेरपर्यंत वाहत जातो. त्यांना गझलच्या वृत्तातील भावगीते म्हणणे अधिक योग्य ठरते. पुढे सुरेश भटांनी शेराच्या स्वतंत्रपणाचे मर्म मराठीत रुजवले आणि गझल लोकप्रिय केली. माधवरावांनी ज्या अमरावतीत काही काळ अध्यापन केले, त्याच अमरावतीत भटांचा जन्म झाला, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. एकाने रस्ता आखला, दुसऱ्याने त्यावर वर्दळ आणली.

शब्दांची निवड आणि मनातील ताण

माधवरावांच्या आयुष्यातील एक मोठा अंतर्विरोध सांगितल्याशिवाय त्यांचे चित्र पुरे होत नाही. फार्सीचा कोश करणारा, खय्यामचा अनुवाद करणारा, गझल मराठीत आणणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीचा खंदा पुरस्कर्ता झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीतील फार्सी, अरबी आणि इंग्रजी शब्दांऐवजी स्वभाषेतील शब्द वापरण्याची चळवळ चालवली होती. माधवराव तिच्या बाजूने उभे राहिले. १९३८ साली त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिले. पूर्वी लिहिलेल्या स्वतःच्या कवितांतूनही त्यांनी असे शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द घातले.

यामागची तळमळ खरी होती. परकी सत्ता गेली तरी तिची भाषा मागे का राहावी, हा प्रश्न त्या पिढीला जिव्हारी लागणारा होता. मराठीला तेव्हा स्वतःचे राज्य नव्हते, आणि राजाश्रय नसलेल्या मायबोलीचा अभिमान माधवरावांनी कवितेतूनही गायिला होता. पण कवितेचे काम कोशाच्या कामाहून वेगळे असते. एक शब्द बदलला की अर्थ तोच राहिला तरी नाद बदलतो, ओळीचा मऊपणा जातो. त्यांनी स्वतः केलेल्या या बदलांमुळे काही कवितांचा गोडवा कमी झाला, असे अनेक रसिकांना वाटले. फार्सी शब्दांना त्यांनी दार बंद केले, फार्सी वृत्ते मात्र मराठीच्या घरात कायमची राहायला आली. शब्द बाहेरचा की घरचा हे विचारता येते. ओळीची चाल एकदा कानात रुजली की ती कुठून आली हे कोणी विचारीत नाही.

अखेर आणि वारसा

१९३८ साली ‘तुटलेले दुवे’ ही त्यांची सुनीतमाला प्रसिद्ध झाली. चौदा ओळींचे सुनीत केशवसुतांनी मराठीत आणले होते. माधवरावांनी ते ओवून एक दीर्घ रचना केली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. खय्यामच्या रुबायांचा ‘मधुलहरी’ हा आणखी एक अनुवाद त्यांच्या मागे, १९४० साली प्रकाशित झाला.

त्यांच्या हयातीतच मराठी कविता वृत्ताचे बंधन सोडू लागली होती. कवी अनिल मुक्तछंदाचा प्रयोग करीत होते, आणि नंतरच्या काळात पुष्कळ कवींनी मोजमाप बाजूला ठेवले. ‘छंदोरचने’चे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही. बंधन जाणून ते सोडणे वेगळे, आणि माहीतच नसल्यामुळे ते न पाळणे वेगळे. मर्ढेकरांसारख्या नवकवीनेही आपल्या आधुनिक जाणिवेसाठी अभंग आणि ओवी ही जुनीच पात्रे निवडली. आजही मराठीत गझल लिहू इच्छिणाऱ्या तरुणाला लगावली शिकावी लागते, आणि ती शिकताना तो माधवरावांनी आखलेल्या वाटेनेच चालत असतो.

कविता ही दैवी देणगी आहे, ती शिकवता येत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. माधवरावांच्या जीवनाने त्याला शांत उत्तर दिले. प्रतिभा शिकवता येत नाही हे खरे, पण कान तयार करता येतो, ओळ मोजता येते, यमक तपासता येते, आणि मित्रांपुढे ती म्हणून दाखवून तिचे दोष ऐकून घेता येतात. यातील प्रत्येक गोष्ट वर्गात होऊ शकते. दिल्लीतील मराठी मूल घरी आजीकडून मनाचे श्लोक ऐकते, शाळेत आर्या पाठ करते, रस्त्यावर हिंदी गाणी ऐकते आणि कधी लाल किल्ल्याच्या मुशायऱ्यातील शेरही त्याच्या कानी येतो. अशा मुलाचे कान आपोआप अनेक चालींनी भरलेले असतात. बडोद्यातील एका मुलाने अशाच कानांच्या बळावर मराठी छंदांची मांडणी केली. पालकांनी घरात मुलांबरोबर एखादा श्लोक मोठ्याने म्हणावा, त्याची अक्षरे बोटांवर मोजून दाखवावीत, आणि मुलाने स्वतः रचलेल्या चार ओळी मन लावून ऐकाव्यात. माधवरावांच्या ग्रंथाची सुरुवात त्या चार ओळींपासूनच होते.